लायसन्स सस्पेंड, कार्ड जमा. ओळखपत्र म्हणून आता काय दाखवायचं?

ऐरोलीकर
धाकट्या भावाचं लायसन्स तीन महिन्यांसाठी सस्पेंड झालंय (गाडी चालवताना मोबाईल). कार्ड आरटीओत जमा. आजवर सगळीकडे तेच दाखवायचा. आधारवर पत्ता अजून साताऱ्याचा, मतदार कार्ड काढलेलंच नाही. पुढच्या आठवड्यात ठाण्याहून रत्नागिरी, जनशताब्दीचं आरक्षण आहे, आणि बँकेने केवायसी मागितलीय. अमेरिकेत म्हणे गाडी न चालवणाऱ्यालाही तेच ऑफिस वेगळं ओळखपत्र देतं. आपल्याकडे आरटीओ असं काही देतं का? डिजिलॉकरमध्ये लायसन्स अजून दिसतंय, ते चालेल?

घोडबंदर_रोड
नाही देत. तिकडे राज्याचं डीएमव्ही, म्हणजे त्यांचं आरटीओ, लायसन्सही देतं आणि नुसतं ओळखपत्रही, त्यामुळे लायसन्स गेलेला माणूस दुसरं कार्ड काढतो. आपल्याकडे आरटीओचं लायसन्स म्हणजे फक्त गाडी चालवायचा परवाना. जमा केल्याची पावती जपून ठेवा, पण फोटो नसलेला कागद ओळखीसाठी कोण घेणार?

डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवायच्या भानगडीत पडू नका. मोटार वाहन कायदा, कलम 23: अपात्रतेच्या मुदतीत ते लायसन्स लागूच नसतं. 'हरवलं' म्हणून डुप्लिकेट काढायचा सल्ला कुणी एजंट देईल, तोही ऐकू नका. सस्पेन्शनची नोंद सारथीवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर असते, आणि वर खोटं लिहून दिल्याचं लचांड मागे लागतं.

रेल्वेला आधार पुरे. टीसी नाव आणि फोटो जुळवतो, पत्ता साताऱ्याचा असला तरी बिघडत नाही. मूळ कार्ड किंवा एम-आधार (आधारचं मोबाईल ॲप). डिजिलॉकरमधून दाखवणार असाल तर 'इश्यूड' विभागातलंच. आपणच स्कॅन करून 'अपलोड' केलेलं रेल्वे मानत नाही. गॅलरीतला फोटो तर नाहीच नाही.

ई-आधारची पीडीएफ उघडताना बरेच जण अडकतात. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे जन्मवर्ष. आधारवर आडनाव आधी छापलं असेल, तर चार अक्षरं आडनावाची.

पारसिक_हिल
पॅन असेलच ना? रेल्वेला चालतं, विमानतळावरही चालतं. केवायसीलाही तेच द्या. पॅनवर पत्ताच नसतो, विषय संपला.

काउंटर_नंबर_३
पत्ता नाही, तिथेच तर घोडं अडतं. बँकेला पॅन लागतं, पण ते आधाराच्या जागी नाही, आधाराच्या जोडीला. केवायसीत ओळख आणि पत्त्यासाठी धरली जाणारी कागदपत्रं सहाच: पासपोर्ट, लायसन्स, आधार, मतदार कार्ड, नरेगा जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र. लायसन्स बाद, म्हणजे भावाकडे आधारच उरलं.

आधारवर पत्ता जुना असला तरी मार्ग आहे. सोबत दोन महिन्यांच्या आतलं वीज, पाइप गॅस किंवा पाण्याचं बिल द्यायचं, महावितरण किंवा महानगर गॅसचं चालेल. मात्र मग तीन महिन्यांत नवीन पत्त्याचं आधार बँकेत आणून द्यावं लागतं. हे विसरतात लोक.

तेव्हा पत्ता आत्ताच बदला. भाड्याने राहत असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार नोंदणी केलेला द्या. महाराष्ट्रात या कराराची नोंदणी तशीही सक्तीची आहे, तेव्हा घरमालकाला सांगायला संकोचू नका. घर वडिलांच्या किंवा तुमच्या नावावर असेल तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन होतं, पण प्रमुखाने 30 दिवसांत आधारच्या पोर्टलवर जाऊन मान्यता द्यायला हवी, नाहीतर अर्ज रद्द. दोन्हीला आधारशी जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे.

हॉटेलात आधारची झेरॉक्स देऊ नका. मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

घोडबंदर_रोड
मतदार कार्डासाठी आधी साताऱ्याच्या यादीत नाव शोधा. असेल तर स्थलांतराचा फॉर्म 8, नसेल तरच फॉर्म 6. यादीत नाव असताना नवा फॉर्म 6 भरला तर दोन ठिकाणी नोंद होते, आणि ते कायद्याला धरून नाही. कार्ड आठवड्याभरात येणार नाही, त्यामुळे प्रवासासाठी त्याची वाट बघू नका.

पासपोर्ट काढणार असाल तर भावाची केस कोर्टात आहे का ते पाहा. फौजदारी खटला चालू आहे का, हा प्रश्न अर्जात असतो. लपवलं तर पोलीस पडताळणीत निघतं. खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी आणावी लागते, आणि कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट वर्षभराचाच मिळतो.

पारसिक_हिल
पॅनचं चुकलंच माझं. एक राहिलं, ऐरोलीकर: तीन महिने संपले की कार्ड आपोआप घरी येत नाही. कलम 19 मधल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार आधी रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र घेतात ते सस्पेन्शनच्या आदेशावर पाहा, नसेल तर खिडकीवर आत्ताच विचारा. आदेशावर अपील करायचं असेल तर मुदत 30 दिवस. आणि तोवर नाक्यापर्यंतसुद्धा स्कूटर नको. सस्पेंड असताना चालवली तर कलम 182 खाली 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी समोरच्याला दिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते.