पत्र्यावरच्या पावसात टिकेल असं रेकॉर्डिंग सुचवा (आणि सध्या काय ऐकताय तेही सांगा)

पडवीतला_श्रोता (राजापूर)
नमस्कार मंडळी. मिरगापासून आमच्याकडे जो लागलाय तो लागलाच आहे. पुढच्या पडवीवर आम्ही पत्रा घातलाय आणि संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी आणि आई तिथेच गाणं ऐकत बसतो, लहान स्पीकर आहे ब्लूटूथचा. सध्या अमीर खांसाहेबांचा मारवा राग चालू आहे, १९६० ची ती एलपी ज्याच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. झुमरा तालातली अगदी संथ लय, खर्जातली (खालच्या सुरांतली) ती सावकाश बढत, माझ्यासाठी त्याच्यावर काही नाही. पण सर आली की सगळं बुडतं हो! तानपुरा तर पहिल्याच थेंबात जातो, मग खांसाहेबांचा खर्ज, आणि उरतो फक्त तबल्याचा किनारा (कडेवरचा टणक बोल). आवाज वाढवला की स्पीकर फाटतो. हेडफोन नको, आईलाही ऐकायचं असतं आणि दोघांनी मिळून ऐकण्यातच मजा आहे.

तर विचारायचं असं की पावसाच्या आवाजातही उभं राहील असं कुणाचं गाणं आहे? आणि तुम्ही काय ऐकताय सध्या? बाबांच्या कॅसेटींचा ट्रंक पण आहे, पण त्यातल्या बऱ्याच कॅसेटींवर पांढरं काहीतरी धरलंय, त्याचं काय करायचं तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

वाडीकर
पहिलं उत्तर माझं, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या लावा! गंमत नाही करत. विजेचा मायक्रोफोन रेकॉर्डिंगला आला १९२५ च्या सुमारास, त्याच्या आधी गायक कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि नंतरही त्या पिढीचा आवाज मैफलीत मागच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचवायच्या सवयीचाच होता. त्या तबकड्यांत खालचा खर्ज नाही, वरची चकाकी नाही, सगळा गळा मधल्या पट्टीत दाबून भरलेला. म्हणून तो पावसातून आरपार येतो. अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नही आवत चैन’ लावून बघा, बाहेर कितीही कोसळू दे, तो सूर तुमच्यापर्यंत येणार म्हणजे येणार.

मी स्वतः सध्या आमच्या सावंतवाडीच्या मातीतले रामकृष्णबुवा वझे ऐकतोय. त्यांचा तिलककामोद. आवाज गोड म्हणता येणार नाही, जरा खरबरीतच आहे, पण साडेतीन मिनिटांत राग असा काही मांडतात की पुढे अर्धा तास तोच डोक्यात फिरत राहतो. तबकडीची बाजू संपायच्या आत सगळं सांगायचं म्हणजे एकही आलाप वाया घालवून चालत नाही, आणि बुवा तो घालवतही नाहीत. आमच्याकडच्या नवीन मुलांना वझेबुवा कोण हे माहीत नसतं याचं फार वाईट वाटतं मला. दीनानाथराव मंगेशकरांसारखा माणूस ज्यांच्याकडे शिकला ते हे बुवा!

फोंडेकरीण
वाडीकरांशी एकदम सहमत, फक्त मी केसरबाई केरकरांचं नाव वर टाकेन. काय तो आवाज! आकार (‘आ’ म्हणत लावलेला सूर) लावला की भिंत उभी राहिल्यासारखा. आमच्या घरावर पण पत्राच आहे मागच्या बाजूला आणि केसरबाई लावल्या की मला आवाज वाढवावा लागत नाही. गोव्यातल्या केरीच्या या बाईची ‘जात कहां हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर चढवून पाठवली ते सगळ्यांना माहीत आहे, पण तेवढंच ऐकून लोक थांबतात त्याचा राग येतो मला. त्यांचा गौडमल्हार ऐका ना.

आणि मी सध्या काय करते सांगू का, जयपूर घराण्याची गौडमल्हारातली ‘मान न करिये’ घेऊन बसलेय. आधी केसरबाई, मग मल्लिकार्जुन मन्सूरअण्णा, मग किशोरीताई आमोणकर, एकामागून एक. एकाच झाडाच्या फांद्या आहेत सगळ्या: केसरबाई थेट अल्लादिया खांसाहेबांकडे शिकल्या, मन्सूर त्यांच्या मुलांकडे म्हणजे मंजी खां आणि बुर्जी खांकडे, आणि किशोरीताई आई मोगूबाईंकडे, आणि मोगूबाई परत अल्लादिया खांकडेच. चीज तीच, शुद्ध गंधार तोच, पण केसरबाई लयीला अशा चिकटून जातात की कुठे श्वास घेतला ते कळत नाही, मन्सूर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना कुठून कसे वळतील सांगता येत नाही, आणि किशोरीताई गंधारावर थांबतात. नुसत्या थांबतात. बाकीचे दोघे तिथून कधीच पुढे गेलेले असतात. मग द्रुतमधलं (जलद लयीतलं) ‘बरखा बैरी भयो’ येतं आणि बाहेर खरंच बरखा असते तेव्हा काय होतं ते मी लिहू शकत नाही. पावसात टिकायचं म्हणाल तर क्रम तोच, केसरबाई पहिल्या, मन्सूर दुसरे, ताईंसाठी जरा सर ओसरू द्या.

(मोगूबाईंचं गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं, मे महिन्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे वर येतात. आता परत पाण्याखाली असेल.)

भजनीबुवा_देवगड
माका वाटतां तुमी मारव्याचो नाद सध्या सोडा. म्हणजे मारवा नको असं नाही, पण मारव्यात होतं काय की गायक षड्ज (सा) टाळतो, पंचम (प) तर रागातच नाही, सगळा खेळ कोमल रिषभ आणि धैवताचा. म्हणजे सा धरून ठेवणारा एकटा तानपुरा! तोच पावसात बुडाला की कान भलताच सा पकडतो आणि मारवा मारवा राहतच नाही. स्पीकर बदलून काही होणार नाही त्याला. तो राग पाऊस गेल्यावर, आश्विनात, दर्यावर सूर्य खाली जाताना ऐका, तेव्हा त्याची हुरहुर कळते.

आता पावसात मियांमल्हार ऐका. भीमसेन जोशींचा. ‘करीम नाम तेरो’. त्या आवाजाला पत्रा काय करणार! दोन निषाद (कोमल आणि शुद्ध नी) एकमेकांना घासून वर षड्जावर जातात ना, ते आमच्या भजनातल्या पोरांना मी मुद्दाम ऐकवतो. गणपती जवळ आले की आमच्या तालमी सुरू होतात, रूपाचा अभंग, गजर, सगळं बसवायचं असतं, आणि डबलबारीत (दोन भजनी मंडळांच्या सामन्यात) समोरचा बुवा कधी काय टाकेल सांगता येत नाही. तेव्हा पोरांच्या कानावर नुसती दुसऱ्या बुवांची रेकॉर्डिंग पडली की सगळे एकसारखेच गायला लागतात. म्हणून मी त्यांना भीमसेनजी, वसंतराव देशपांडे, जितेंद्र अभिषेकीबुवा ऐकायला लावतो. अभिषेकीबुवा तर मंगेशीचे, आपलेच. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकाची गाणी सगळ्यांना पाठ असतात, पण चाल बांधणाऱ्या माणसाची स्वतःची ख्यालाची मैफल किती जणांनी ऐकलीय? ऐका रे!

पडवीतला_श्रोता (राजापूर)
बुवा, तानपुऱ्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत, मला ऐकताना काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं पण कारण कळत नव्हतं. काल केसरबाई लावल्या, भर पावसात. आई मळणी थांबवून (भाकरीची हो) बाहेर आली आणि ‘ही कोण गाते’ म्हणून विचारलं. आता मन्सूर. कॅसेटींचं कुणी सांगेल का?

गुहागर_टेप
सांगतो. पांढरं धरलंय ती बुरशी. ती कॅसेट तशीच प्लेअरमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीला. आधी फक्त बाहेरचं कव्हर पुसा आणि त्या सगळ्या वेगळ्या काढा. कॅसेट पाच स्क्रूची असेल तर उघडून रिळं दुसऱ्या चांगल्या कव्हरात घालता येतात, चिकटवलेली असेल तर ते काम जपून करणाऱ्याकडेच द्या. उघडल्यावर रिळाच्या कडेची बुरशी मऊ कोरड्या फडक्याने टिपायची, घासायची नाही, आणि हे मोकळ्या हवेत मास्क लावून करा. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवायची म्हणजे टेप सैल होते. वाजवून झाल्यावर प्रत्येक वेळी हेड आणि रबरी रोलर साफ, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा. आवाज दबका येत असेल तर लगेच कॅसेट गेली समजू नका, हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो तो किंचित फिरवला की आवाज उघडतो.

ठेवायला ट्रंक नको, पत्र्याला आतून घाम येतो. हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या ओल धरल्या की बदलायच्या. आणि खरं सांगू का, हे सगळं पावसात करूच नका. आता नुसत्या वेगळ्या करून डब्यात घाला, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उघडा आणि एकेक कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, एमपी३ नको, वेव्ह (WAV) फाइल करा, जागा खाल्ली तरी चालेल. आधी घरगुती मैफलींच्या उतरवा. बाजारात मिळणारं गाणं परत मिळेल, कुणाच्या तरी माजघरात भरलेलं गाणं परत मिळणार नाही.

वाडीकर
टेपवाले, मस्त. त्यात एक भर घालतो. यूट्यूबवरच्या जुन्या तबकड्यांचा वेग बऱ्याचदा चुकलेला असतो, ७८ म्हणतात पण सगळ्या तबकड्या काही नेमक्या ७८ वर भरलेल्या नसायच्या. त्यामुळे गायक अर्धा-एक सूर वर गेलेला आणि तान उगाच धावलेली ऐकू येते. एकाच तबकडीची दोन-तीन अपलोड शोधा, तानपुऱ्याच्या ॲपवर सा जुळवून बघा, आणि ज्यात गळा माणसासारखा वाटेल तीच ठेवा. पडवीवाले, बाबांच्या ट्रंकेत घरगुती मैफली आहेत का? लेबलांचे फोटो टाका ना इथे.

पडवीतला_श्रोता (राजापूर)
आहेत तीन-चार, वर बाबांच्या अक्षरात नुसतं ‘यमन, नंतर नाट्यगीतं’ एवढंच लिहिलंय, गाणाऱ्याचं नाव नाही. लाईट आली की फोटो टाकतो.