डाईंगवाल्यांसोबत बसून रंगाईचा खर्च कमी करायचा आहे. बचतीची वाटणी कशी ठरवावी?

नमस्कार.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. सुताची रंगाई आम्ही बाहेर जॉबवर्कने करून घेतो आणि डाईंगवाल्यांशी आमचा व्यवहार वडिलांच्या काळापासूनचा आहे. मोठ्या खरेदीदाराने दर उतरवायला सांगितल्यावर मी त्यांच्याकडे किलोमागे तीन रुपये कमी मागितले. त्यांनी ते मान्य केले, पण शेड न जुळल्यामुळे पुन्हा रंगवावे लागणारे लॉट वाढले आणि सुताअभावी आमचेच माग बंद राहू लागले.

म्हणून मी दोन दिवस त्यांच्या डाईंगमध्ये जाऊन उभा राहिलो. दोनशे किलोच्या मशीनमध्ये आमचे साठ-सत्तर किलोचे लॉट पडत होते. लॉट लहान झाला म्हणून पाणी त्या प्रमाणात कमी होत नाही आणि रिॲक्टिव्ह रंगाईत (ज्यात रंग सुताशी रासायनिक रीतीने जोडला जातो) मीठ व सोडा पाण्याच्या लिटरमागे घालावे लागतात. त्यामुळे रसायने, वाफ आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया, सगळेच किलोमागे महाग पडते. त्यात मरूनच्या पाठोपाठ आम्ही तातडीने क्रीम मागितला की मशीन धुण्यातच कितीतरी वेळ जातो. बिल त्यांचे असले तरी हा खर्च आमच्या नियोजनातून निघालेला आहे, हे मला तिथे उमगले.

लीन पद्धतीत पुरवठादाराचा नफा कापायचा नसतो, दोघांच्या मधली नासाडी काढायची असते, असे वाचले आहे. त्यानुसार दोन आठवड्यांचे पक्के नियोजन, फिकट ते गडद असा क्रम आणि वेळेवर पैसे, एवढे मी देऊ शकतो. (लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे जाता येत नाही; आम्ही 90 दिवस लावत होतो, ते चूकच होते.)

अडचण अशी की, आज हिशेब दाखवला तर उद्या त्यावरूनच दर पाडाल, अशी भीती त्यांना वाटते आणि माझ्या मागच्या वागण्यामुळे ती रास्त आहे. रुपयांचा हिशेब न मागता फक्त पाणी, मशीनचे तास आणि पुन्हा रंगवलेले किलो दोघांनी मिळून मोजले, तर तेवढ्यावर दर ठरवता येईल का? बचत निम्मी-निम्मी वाटावी, की पहिले काही महिने ती पूर्ण त्यांच्याकडेच राहू द्यावी? ज्यांनी आपल्या डाईंग किंवा सायझिंगवाल्यांशी (सुताला खळ लावून देणाऱ्यांशी) असा करार प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी त्यात कोणत्या अटी लिहिल्या ते कृपया कळवावे. सोमवारी आमची बैठक आहे.