रविवारच्या जेवणात दोन ताटं बिनतेलाची का?

ए १०१ (सेक्रेटरी): सोसायटीचं रविवारी रात्री गच्चीवर जेवण. तांबडा-पांढरा, सुकं मटण, शाकाहारी मंडळींना अख्खा मसूर, भाकरी, दहीकांदा, भात. फ्लॅट नंबरसह आकडे कळवा.

बी २०२: ४ मटण

सी ३०१: ३ मटण, १ शाकाहारी

ए ३०२: आम्ही दोघंही शाकाहारी. दादा, आचाऱ्याला सांगून मसाल्यात घालायच्या आधी दोन वाट्या नुसता शिजलेला मसूर बाजूला काढून ठेवता येईल का? दही पण नको.

बी २०२: आक्का, तुम्ही आणि शाकाहारी? श्रावण तर संपला की. देवाचं काही हाय का?

ए ३०२: देवाचं नव्हे, तब्येतीचं. मार्चमध्ये माझं वजन ७८ किलो होतं, उंची ५ फूट २ इंच. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८. माझ्या वडिलांना ५८ व्या वर्षी अटॅक आला, आणि मी आता ५३ ची आहे. रिपोर्ट हातात आला त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टरांना विचारून मटण, अंडी, दूध, तूप बंद केलं आणि तेल जवळजवळ बंद केलं. आज वजन ७१, एलडीएल १२१.

बी १०४: अगंबाई! पण आम्ही तर जन्माचे शाकाहारी, आमचं का नाही उतरत?

ए ३०२: काकू, मलाही हाच प्रश्न पडला होता. दरवर्षी श्रावण पाळायचो तरी काटा जागचा हलायचा नाही. मग एकदा हिशेब मांडला. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला ६ लिटर तेल यायचं. म्हणजे साधारण साडेपाच किलो. माणशी रोज ४५ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर प्रत्येकाच्या पोटात रोज ४०० कॅलरी नुसत्या तेलाच्या. चार भाकऱ्या खाल्ल्या तर कळतं तरी की पोट भरलं, हे तेल कुठं गेलं ते कळतच नाही. शिवाय कूट आणि खोबरं वेगळंच. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. भरल्या वांग्याला आपण शाकाहारी म्हणतो, पण त्यातलं वांगं तेवढं हलकं. आता तेल महिन्याला दीड लिटर येतं, तेही मुलांसाठी.

बी १०४: मग फोडणी कशाची घालता?

ए ३०२: लोखंडी कढईत कांदा कोरडाच परतायचा. तळाला धरू लागला की दोन चमचे पाण्याचा हबका मारायचा, परत परतायचा. असं तीन-चार वेळा केलं की कांदा छान लाल होतो. मग लसूण, टोमॅटो, चटणी. जिरं कोरडं भाजून वरून चुरडायचं. चटणीचा प्रश्न होताच, कारण आपल्या कांदा-लसूण चटणीतच खोबरं, तीळ आणि तेल असतं. यंदा डंकावर गेले तेव्हा दोन किलो वेगळी कुटून घेतली. वाळवून भाजलेला कांदा, लसूण, धणे, खडा मसाला. खोबरं नाही, तीळ नाहीत. रंगाला कमी नाही, तिखटाला तर नाहीच. आणि आपली ज्वारीची भाकरी! पीठ आणि गरम पाणी, तेलाचा थेंब नाही. मटकीची उसळ, पोकळा, अंबाडी, शेपू, आमटी, घनसाळचा भात. पोटभर जेवते मी. उपाशी राहून वजन कमी करायचे प्रयत्न पूर्वी तीनदा केले, प्रत्येक वेळी महिन्याभरात सुटले.

सी ३०१: आक्का, राग मानू नका. आमचा पुतण्या तालमीत हाय. दूध, तूप, बदामाची थंडाई, सगळं खातोय, आणि अंगावर चरबीचा कण न्हाई.

ए ३०२: राग कशाचा दादा. तो पहाटे चारला उठून हजारांत बैठका मारतो, लाल मातीत तास तास घुमतो. त्याला ते लागतंच. मी बँकेत आठ तास खुर्चीवर असते. पैलवानाचा खुराक आणि खुर्चीवरचं काम, ही जोडी आपल्या गावात फार घरांत आहे असं मला मनापासून वाटतं. दुधाचं म्हणाल तर ते सोडणंच सगळ्यात जड गेलं. लहानपणी वडिलांचं बोट धरून गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचे, समोर पिळलेलं फेसाळ दूध प्यायचे. पहिले पंधरा दिवस काळा चहा घशाखाली उतरत नव्हता.

ए २०४: काकू, मी फार्मसी शिकते म्हणून दोन गोष्टी लिहिते. अमेरिकेतले डॉक्टर डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापला होता. १० टक्केच कॅलरी फॅटमधून, शाकाहार, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे थोडे कमी झालेले दिसले. पण त्यात चालणं, सिगारेट सोडणं, ताण कमी करणं हेही होतं, आणि अभ्यासात एकूण माणसं पन्नासपेक्षा कमीच होती. सगळं श्रेय आहाराला देता येत नाही. २०२१ चा एक अभ्यास आहे, २० माणसांना दोन आठवडे कमी फॅटचं शाकाहारी जेवण आणि दोन आठवडे कीटो, म्हणजे फॅट भरपूर आणि भाकरी-भात, साखर जवळजवळ नाही असं जेवण. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं होतं. शाकाहारी जेवणावर माणसं रोज जवळजवळ ७०० कॅलरी कमी खात होती. मात्र जेवणानंतरची साखर त्याच जेवणावर जास्त वाढत होती. म्हणून मैदा, साखर, पांढरा पाव असला बिनतेलाचा आहार उपयोगाचा नाही.

बी २०२: म्हणजे गूळ पण न्हाई? कोल्हापुरात राहून?

ए ३०२: गूळ म्हणजे साखरच भाऊजी, शुगर असलेल्यांनी तर जपूनच. आणि शुगरवरूनच एक कळकळीनं सांगते. आमच्या ह्यांना दोन गोळ्या होत्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मला बघून त्यांनीही सुरू केलं, पण डॉक्टरांना न सांगता. तिसऱ्या आठवड्यात सकाळी रंकाळ्यावर चालताना घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली. कठड्यावर बसवलं, टपरीवरून साखर आणून पाण्यात घालून दिली. घरी येऊन मोजली तरी ६८ च. जेवण बदललं होतं, गोळ्या जुन्याच होत्या. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड अर्धी केली, नंतर बंद केली. ती सकाळ आठवली की अजून पोटात गोळा येतो. इन्सुलिन किंवा शुगरच्या असल्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर, मग ताट.

सी २०१: माझी रक्त पातळ करायची गोळी आहे, वॉरफरिन. मला चालेल का?

ए २०४: आजोबा, एकदम पालेभाज्या वाढवू नका. त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे त्या गोळीचा परिणाम कमी होतो. डॉक्टरांशी बोलून, रक्त तपासूनच. किडनीचा त्रास असणाऱ्यांनीही विचारूनच, डाळी-भाज्यांत पोटॅशियम असतं.

बी १०४: आमच्या सूनबाईला सहावा महिना आहे. तिनं?

ए ३०२: नको काकू. तिला आणि लहान पोरांना तेल-तूप, दूध, सगळं द्या. माझ्या मुलांच्या ताटात मी हात घातलेला नाही.

सी ३०१: आणि प्रोटीन?

ए ३०२: रोज दोन वेळा डाळ किंवा उसळ, त्यात सोयाबीन. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात २४ ग्रॅम प्रोटीन असतं. ओमेगा-३ साठी जवसाची पूड एक चमचा, तेवढंच फॅट मुद्दाम घेते. पण व्हिटॅमिन बी १२ भाजीपाल्यात अजिबात नसतं. ती गोळी घ्यायचीच. मेटफॉर्मिननंही बी १२ उतरतं, ह्यांचं १६० निघालं. तळपायाला मुंग्या यायच्या त्या कशामुळं ते तेव्हा कळलं.

बी १०४: माझ्याही पायाला मुंग्या येतात गं. उद्या तपासून घेते.

ए ३०२: नक्की घ्या. मी येते बरोबर.

ए १०१ (सेक्रेटरी): आचाऱ्याशी बोललो. अख्ख्या मसुराचं एक पातेलं बिनतेलाचं, तर्री वेगळ्या भांड्यात. ज्याला पाहिजे त्यानं वरून घ्यायची. बिनतेलाच्या पातेल्याला नावं द्या.

ए ३०२: २

बी १०४: आमचे २

सी २०१: १

सी ३०१: मटण ३ तसंच. पण आईचं नाव बिनतेलात लिहा. आक्का, ती वेगळी चटणी रविवारी वाटीभर आणा.

ए ३०२: बरणीच आणते.