शिबिराचा शेवटचा दिवस आणि वळीव: आवराआवरीचा क्रम कसा लावावा?

चौरस_गाठ:
मेच्या शेवटच्या आठवड्यात भोरजवळ स्काऊट पथकाचं चार रात्रींचं शिबिर आहे. 32 मुलं, 4 मोठे. सुती कॅनव्हासचे 5 तंबू, स्वयंपाकाच्या जागेवर ताडपत्री, बांबूची गॅजेट्स (बांबू दोरीने बांधून केलेल्या सोयीच्या वस्तू). मैदानापासून 200 मीटरवर शाळेची पक्की इमारत आहे, तिथल्या दोन खोल्या मिळतील. बस शेवटच्या दिवशी दुपारी 4 वाजता. त्याच दिवशी पाऊस आला तर आधी काय उतरवायचं? ओले तंबू तसेच बांधून नेले तर चालतात का?

सुंभाचा_पीळ:
चारची बस हीच पहिली चूक. वळीव सहसा दुपार तापल्यावर, तीन-चारच्या सुमारास कोसळतो. बस 2 ला बोलवा, समारोप सकाळी साडेआठला उरका आणि अकराच्या आत तंबू खाली घ्या.

निम्मं काम आदल्या संध्याकाळी होतं. जी गॅजेट्स सकाळी लागणार नाहीत (चपलांचा स्टँड, कमान, कुंपण) ती कोरडी असतानाच सोडा. काथ्या भिजला की फुगतो आणि गाठ आवळून बसते. मग मुलं सरळ चाकू काढतात आणि दोरी वाया जाते. चौरस लॅशिंग (दोन बांबू आडवे-उभे जोडणारं दोरीचं बांधकाम) सोडताना शेवटची क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची अडकवण्याची गाठ, शोधा, लाकडी मेखेचं टोक तिच्या वेढ्याखाली घालून वेढा बांबूच्या कडेने मागे ढकला. एकदा तो सैल झाला की बाकीचे वेढे आपोआप सुटतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, भिजलेल्या सुंभाची गाठ त्याहून हट्टी.

सकाळी उठल्या उठल्या पांघरुणं, कपडे, पिशव्या शाळेच्या खोलीत. एक खोली सामानाला, दुसरी माणसांना, सरमिसळ नको. संघनायकाने आपल्या संघाच्या पिशव्या मोजूनच दारातून आत घ्याव्यात.

पाऊस सुरू झालाच असेल आणि विजा नसतील, तर तंबू घाईने पाडू नका. आतला पसारा आधी हलवा, सर थांबेपर्यंत तंबू उभाच राहू द्या. उभ्या तंबूवरून पाणी निथळतं, पाडलेल्या तंबूच्या घड्यांत साठतं. तणावे सुती असतील तर भिजून आखडतात आणि मेखा उपटून काढतात, म्हणून पावसाआधी ते दोन-तीन बोटं सैल करा. नायलॉनचे उलट ढिले पडतात, ते ताणावे लागतात. आतून कापडाला बोट लावू नका, लावलं की तिथून थेंब गळू लागतो. लागलंच तर त्या थेंबापासून खाली काठापर्यंत बोट ओढत न्या, पाणी त्या रेषेने उतरतं.

ओला तंबू नेता येतो, पण घट्ट गुंडाळून पिशवीत कोंबू नका. सैल घडी घाला, ताडपत्रीत ठेवा, बसमध्ये सगळ्यात वर. भिजलेलं कॅनव्हास फार जड होतं, दोघांऐवजी चौघे लावा. मेखा वेगळ्या पोत्यात, नाहीतर गंजाचे डाग कापडावर उतरतात. आणि पोहोचल्यावर त्याच दिवशी पसरा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की बुरशी धरते. ते काळे ठिपके मग जात नाहीत, ब्लीचने सूतच कमजोर होतं. चिखल ओला घासू नका, वाळल्यावर कोरड्या ब्रशने झटका. साबणाच्या पावडरीने जलरोधक लेप निघून जातो.

माळरान:
वरच्या क्रमात एक भर. जमिनीवरची सतरंजी किंवा प्लॅस्टिक मुलांना हाताने उचलू देऊ नका. पावसाने बिळं भरली की विंचू, कधी फुरसंसुद्धा, कोरड्या जागेत शिरतं. काठीने पलीकडची कड आपल्या दिशेने उचला, म्हणजे खाली काही असलं तरी मध्ये कापड राहतं. बूट झटकूनच घालायचे.

विजांचं वेगळं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी लागले, तर सगळे शाळेत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर नाही, मग अर्धा तंबू लटकत राहिला तरी चालेल. तंबू विजेपासून वाचवत नाही. ध्वजाचा लोखंडी खांब आणि एकटं झाड यांपासून लांब. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेची सूचना देणारं 'दामिनी' अ‍ॅप एका मोठ्याच्या फोनवर चालू ठेवा.

चौरस_गाठ:
आभारी आहे. आणखी तीन गोष्टी: शौचाचे चर कधी बुजवायचे, शेकोटी भिजली तर काय, आणि शेवटचं जेवण?

चुलीवरची_खिचडी:
चर पावसाआधीच. उपसलेल्या मातीचा ढीग पहिल्या दिवसापासून झाकून ठेवा. ती भिजली की चिखल होतो, चरात पाणी असेल तर माती तळाला जाते आणि घाण वर तरंगते. कोरडी माती थर देत दाबा, वर वीतभर उंचवटा ठेवा, कारण ती खचते. जागेवर खुणेची काठी रोवा.

जेवण म्हणजे खिचडी, वाद नको. 36 जणांना साडेतीन किलो तांदूळ, दीड किलो मूगडाळ, साधारण 15 लिटर पाणी. पाणी आधी उकळायला ठेवा, ओल्या लाकडावर तेच वेळ खातं. जाड ओंडका फोडला की आतला गाभा कोरडा निघतो, तो आधी लावा. रॉकेल ओतायचं नाही. आणि पाऊस आला म्हणून चूल तंबूत किंवा बंद खोलीत नेऊ नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. गॅसची शेगडी असेल तर शाळेच्या उघड्या व्हरांड्यात.

शेकोटीसाठी खोलीत लाकडं रचून आत एलईडी दिवा, वर लाल-नारिंगी जिलेटिन कागद. मुलं तेवढ्यावरही गातात.

माळरान:
ध्वजाचं राहिलं. भिजलेलं कापड स्वतःला चिकटतं, दोरी ओढूनही घडी वरच अडकून बसते आणि सगळे माना वर करून उभे. पावसाळी सकाळी घडी सैल घाला, बांधायचा वेढा एकच ठेवा आणि वर चढवण्याआधी खालीच एकदा ओढून बघा. समारोपानंतर ध्वज ओलाच पेटीत घालू नका. खोलीत सावलीला वाळू द्या, नाहीतर रंग एकमेकांत उतरतात.