दिवाळी तिथीला करावी की जवळच्या शनिवारी?

इझारकाठ

आम्ही चौघे अकरा वर्षांपासून म्युनिकमध्ये राहतो. 2025 मध्ये नरकचतुर्दशी सोमवारी, 20 ऑक्टोबरला आली आणि लक्ष्मीपूजन मंगळवारी. बव्हेरियातील शाळांची शरद ऋतूची सुटी मात्र 3 नोव्हेंबरला सुरू होणार होती. त्यामुळे आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांनी दिवाळी आधीच्या किंवा नंतरच्या शनिवारी उरकली. 'उरकली' हा शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे, कारण सभागृह भाड्याने घेऊन, नाव नोंदवून आणि रात्री दहाच्या आत खुर्च्या रचून जे पार पडते, त्याला मी स्नेहसंमेलन म्हणेन.

वेळ मिळत नाही, ही सबब मला पटत नाही. ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात येथे सूर्य साडेसातनंतर उगवतो. मुलांना साडेसहाला उठवून उटणे लावले, तरी अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीच होते आणि आठची शाळाही चुकत नाही. पुण्यात पहाटे चारला उठण्याचा जो जाच होता, तोही येथे नाही. सूर्य संध्याकाळी सहानंतर लगेच मावळतो, म्हणजे कामावरून परतून पूजेला बसता येते.

याच घरांमध्ये नाताळ कसा पाळला जातो तेही पाहावे. 5 डिसेंबरच्या रात्री मुले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात, कारण सकाळी त्यांत निकोलाउसने ठेवलेली चॉकलेटे आणि संत्री सापडायची असतात. निकोलाउसला कोणी सांगत नाही की बाबा, आज कामाचा दिवस आहे, शनिवारी ये. 24 डिसेंबरला दुकाने दुपारी दोनपर्यंत बंद होतात म्हणून आपण दूध आणि पाव आधीच भरून ठेवतो. परक्या सणाची तारीख इतकी काटेकोर पाळायची आणि आपल्या सणाची सोयीनुसार सरकवायची, हे माझ्या मनाला पटत नाही.

पोळपाट

आपली मांडणी नीटस आहे, पण तिच्यात माणसे कोठे आहेत? आपल्या घरी मंगळवारी चार जण होते. आमच्याकडे 25 तारखेच्या शनिवारी सव्वीस होते आणि त्यांत नुकतेच शिकायला आलेले सहा विद्यार्थी होते. वसतिगृहाच्या खोलीत पणती लावायलाही परवानगी नसते. त्यांनी तिथीचे काय करायचे? चकल्या एका घरी होतात, शंकरपाळे दुसऱ्या घरी, आणि भाजणी आमच्या सासूबाई नाशिकहून टपालाने पाठवतात. (पेढे पाठवू नका, असे त्यांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ टपालाने आणता येत नाहीत.) हा सगळा पसारा कामाच्या दिवशी मांडून पाहा आणि मग 'उरकली' म्हणा.

शिवाय, तिथीचाच आग्रह असेल तर तो पुरता धरावा. 21 ऑक्टोबरला अमावास्या भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहाच्या सुमारास संपली. म्युनिकमध्ये तेव्हा दुपारचे अडीच वाजत होते. म्हणजे आपण मंगळवारी संध्याकाळी पूजेला बसलात तेव्हा येथे प्रतिपदा लागून काही तास झाले होते, आणि म्युनिकच्या सूर्यास्ताने पाहिले तर पूजा सोमवारीच व्हायला हवी होती. तेव्हा आपणही पुण्याचे पंचांग म्युनिकमध्ये वापरता, म्हणजे सोयच पाहता. फरक इतकाच की आपली सोय भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली असते.

रात्रपाळी

मी न्यूरेंबर्गमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे शनिवार हा माझ्यासाठी सुटीचा दिवस असेलच असे नाही. वरच्या दोन्ही मतांत आठवड्याचे शेवटचे दोन दिवस मोकळे असतात हे गृहीत धरलेले दिसते. ते कार्यालयात बसणाऱ्यांचे जग आहे.

रजा मिळत नाही, हे मात्र मलाही पूर्ण खरे वाटत नाही. आमच्या वॉर्डात 24 आणि 25 डिसेंबरची पाळी कोणालाच नको असते. मी पहिल्या वर्षापासून ती आपणहून घेते आणि त्या बदल्यात लक्ष्मीपूजनाचा दिवस मागते. पहिल्या वर्षी वेळापत्रक लावणाऱ्या बाईंनी ही दिवाळी दरवर्षी तारीख का बदलते, असे संशयाने विचारले होते. आता त्याच उन्हाळ्यात मला विचारतात की यंदा कधी आहे. सण शनिवारी केला असता, तर हा प्रश्न त्यांना कधीच पडला नसता, आणि तेवढ्यापुरती मी इझारकाठ यांच्या बाजूची आहे.

24 तारखेच्या रात्री वॉर्डात पत्र्याचा डबा उघडतो आणि घरी भाजलेली वॅनिलेकिप्फर्ल बाहेर येतात. ती दिसायला बोटभर करंजीसारखी असतात, पण आत सारण नसते आणि तोंडात नानकटाईसारखी विरघळतात. त्या डब्याशेजारी मी फ्रीझरमध्ये राखून ठेवलेल्या करंज्या ठेवते. दोन महिन्यांच्या करंज्या म्हणून नाक मुरडू नये. त्या रात्री एकही उरत नाही.

सातारकर आजी

माझा मुलगा आणि सून तिकडे फ्रँकफर्टजवळ असतात. पोळपाटताई, शनिवारी तुम्ही मंडळी फोनवर दिवे दाखवता, तेव्हा आमच्या डब्याच्या तळाशी चिवड्यातले शेंगदाणे तेवढे उरलेले असतात. भाऊबीज होऊन लेकी आपापल्या घरी गेलेल्या असतात. आम्ही इकडून 'छान, छान' म्हणतो, पण आमची दिवाळी संपलेली असते, आणि संपलेल्या सणाच्या शुभेच्छा घ्यायला कसेसेच वाटते. मंगळवारी पाच मिनिटे फोन केलात, तर आपण एकाच दिव्यापुढे आहोत असे वाटते. सव्वीस माणसे जेवली हे चांगलेच झाले; पण आम्हीही माणसेच आहोत.

दोन्हीकडची

मी स्टुटगार्टमध्ये वाढले आणि आता चोवीस वर्षांची आहे. आमच्या घरी दोन्ही प्रकार होऊन गेले, म्हणून लिहिते. शनिवारच्या दिवाळीत मोठी माणसे दिवाणखान्यात गाणी म्हणत आणि आम्हा मुलांना आतल्या खोलीत पिझ्झा देऊन बसवत. त्या दिवाळ्यांपैकी एकही मला वेगळी अशी आठवत नाही. आठवते ती चौथीतली. आईने शाळेला रीतसर अर्ज लिहून धार्मिक सणासाठी एक दिवसाची मोकळीक मागितली होती, ती मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात बेसनाचे लाडू नेले. बालवाडीत 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या मिरवणुकीसाठी केलेला माझा कागदी कंदील आमच्या बाल्कनीत आकाशकंदील म्हणून लटकत होता, त्यावर साळिंदर चिकटवलेले होते.

तरीही इझारकाठकाकांना एक सांगावेसे वाटते. कामाच्या दिवशी केलेल्या दिवाळीत आई दमलेली असे, बाबा उशिरा येत, आणि आरतीच्या आधी हमखास भांडण होई. पहाटेच्या उटण्याचे वर्णन आपण केलेत. ते उटणे आदल्या रात्री कोण भिजवून ठेवते, तेही लिहायला हवे होते.

इझारकाठ

उटणे माझी पत्नी भिजवते, हे मान्य करतो. अमावास्येचा मुद्दाही मान्य आहे. तो वाचून मी रात्री गणित मांडून पाहिले आणि पोळपाट यांचे बरोबर निघाले. माझा आग्रह ग्रहगणितासाठी नव्हता, आजींनी जे लिहिले त्यासाठी होता, पण ते मला त्यांच्यासारखे सुचले नाही. विद्यार्थ्यांचा विचार मी केला नव्हता, हेही खरे. तरी सभागृहातल्या संमेलनाला मी दिवाळी म्हणणार नाही.

2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे, आणि त्या संध्याकाळी पुण्यात व म्युनिकमध्ये दोन्हीकडे अमावास्याच असेल. पोळपाट यांनी सव्वीस जणांना खुशाल बोलवावे. आम्ही चौघेही येऊ आणि उटणे या वेळी मी भिजवीन. फक्त तांदळाचे पीठ आणि तेल शनिवारीच आणून ठेवावे, कारण रविवारी दुकाने बंद असतात, आणि शरद ऋतूची सुटी नेमकी त्याच दिवशी संपत असल्यामुळे सोमवारी सकाळी आठला शाळा आहे.