मदत हवी आहे: वर्कशॉपमधला लिनक्स संगणक मध्येच गोठतो, प्रोसेसरची झोप कमांड लाइनवरून बंद कशी करावी?

उद्यमनगर_जॉबवर्क (मंगळवार, सकाळी)

नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात आमचे जॉबवर्कचे लहान वर्कशॉप आहे. व्हीएमसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) प्रोग्रॅम पाठवण्यासाठी ठेवलेला लिनक्स संगणक दोन-तीन दिवसांतून एकदा जागच्या जागी गोठतो. तो गोठला की प्रोग्रॅमच्या ओळी येणे थांबते आणि मशीन मध्येच उभे राहते. काल एका फाउंड्रीच्या अॅल्युमिनियम कोअर बॉक्सचे (ओतकामात लागणाऱ्या वाळूच्या कोअरच्या साच्याचे) फिनिशिंग चालू असताना हेच झाले. बॉल नोज कटर एकाच जागी फिरत राहिला आणि नखाला लागेल असा खळगा पडला. पार्टी तो बॉक्स घेणार नाही.

प्रोसेसर झोपतो आणि उठत नाही, असे एका परिचिताने सांगितले. सस्पेंड आणि हायबरनेट मी सिस्टिमसीटीएल या आज्ञेने आधीच मास्क (म्हणजे पूर्ण बंद) केले आहेत, तेव्हा कृपया ते पुन्हा सुचवू नये. झोप कमांड लाइनवरूनच बंद करायची आहे. उद्या सकाळी नवा जॉब चढणार असल्यामुळे आज उत्तर मिळाल्यास उपकार होतील.

कर्नलकाका

प्रोसेसर कोणता, लिनक्सचे वितरण कोणते, कर्नल (लिनक्सचा मूळ भाग) कोणते आणि गोठतो म्हणजे नेमके काय होते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. पिंग चालते का, म्हणजे नेटवर्कवरून हाक दिल्यास संगणक उत्तर देतो का? कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा बदलतो का? पुन्हा चालू केल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ या आज्ञेने मागच्या खेपेची नोंद पाहिली का? (आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, टंकताना रोमन लिपीच वापरावी.)

सस्पेंड मास्क करण्याचा आणि प्रोसेसरच्या झोपेचा संबंध नाही, हेही सांगून ठेवतो. सस्पेंड आणि हायबरनेट या संपूर्ण संगणकाच्या अवस्था आहेत, त्यांना एस-३ आणि एस-४ म्हणतात. आपण ज्या झोपेविषयी विचारत आहात त्या सी-अवस्था आहेत. संगणक पूर्ण जागा असतानाही प्रोसेसरचा एकेक गाभा काम नसेल तेव्हा सेकंदात शेकडो वेळा त्यांत जातो आणि बाहेर येतो. सी-० म्हणजे काम चालू, सी-१ म्हणजे नुसती डुलकी, आणि त्यापुढचा आकडा जितका मोठा तितकी झोप गाढ आणि उठायला लागणारा वेळ जास्त.

निळा_पडदा

यासाठी इतके प्रश्न विचारण्याची गरज नाही. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडावा आणि ‘पॉवरसीएफजी’ने चालू योजनेतील प्रोसेसर विभागात ‘आयडलडिसेबल’चे मूल्य १ करावे, मग ‘सेटअॅक्टिव्ह’ द्यावे. टास्क मॅनेजर नंतर शंभर टक्के वापर दाखवू लागेल, त्याने घाबरून जाऊ नये. आमच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणातील खरखर याच उपायाने गेली.

उद्यमनगर_जॉबवर्क

शीर्षकातच लिनक्स लिहिले आहे, हा उपाय विंडोजचा आहे.

कर्नलकाका, उबुंटू सर्व्हर २२.०४ आहे, कर्नल ५.१५. प्रोसेसर रायझेन ५ १६००, असेम्बल केलेला संगणक. गोठल्यावर पिंग येत नाही, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत जाण्याची सोय) लागत नाही, पंखा मात्र फिरत असतो. नोंदीत काहीच सापडले नाही. शेवटची ओळ नेहमीसारखी आहे आणि पुढे कोरे. कॅप्स लॉकचे सांगू शकत नाही, कारण कीबोर्ड जोडलेलाच नाही.

शिरोली_नेटवर्क

व्हीएमसीला आपण यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर लावून जोडले असणार. दोष तिथेच आहे. लिनक्स वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरणे झोपवते. कर्नलला ‘यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड = उणे १’ असे द्यावे, म्हणजे ते थांबेल. आमच्या एका ग्राहकाकडे लेबल प्रिंटरची हीच तक्रार होती.

कर्नलकाका

यूएसबी झोपले तर केबलची जोडणी तुटेल; पिंग कशाला मरेल? येथे संपूर्ण संगणक गेलेला आहे. दोन वेगळे आजार आहेत.

जुना_मेंटेनन्सवाला

तीस वर्षे मशीन दुरुस्तीत घालवलेला माणूस म्हणून सांगतो, आधी अर्थिंग तपासा. उद्यमनगरात शेजारी वेल्डिंग चालू झाले की इकडे दिवे लुकलुकतात. व्हीएमसीचे बॉडी अर्थ आणि संगणकाचे अर्थ वेगळे असेल तर आरएस-२३२ केबलमधून नको तो करंट वाहतो आणि पोर्टच काय, मदरबोर्डही जातो. सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका.

पंचगंगा_घाट

रायझेन हा शब्द वाचूनच लिहितो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय शोधावा आणि तो ‘टिपिकल करंट आयडल’ करावा. प्रोसेसर गाढ झोपेत गेला की संगणक एवढा कमी करंट ओढतो की काही जुन्या एसएमपीएसना (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यांना) तेवढ्या कमी भारावर व्होल्टेज स्थिर ठेवता येत नाही. हा पर्याय त्यासाठीच दिलेला असतो. दोन मिनिटांचे काम आहे, कमांड लाइनचा अट्टहास कशासाठी?

उद्यमनगर_जॉबवर्क

अट्टहास नाही, नाइलाज आहे. या संगणकाला पडदा नाही. उबुंटू बसवताना घरच्या संगणकाचे ग्राफिक कार्ड तात्पुरते लावले होते, ते काम झाल्यावर परत नेले. या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसल्यामुळे कार्डाशिवाय बायोस दिसतच नाही. संगणक व्हीएमसीच्या मागे पत्र्याच्या पेटीत आहे आणि मी ऑफिसमधून एसएसएचने आत जातो. हे सुरुवातीला लिहायला हवे होते हे मान्य करतो.

कर्नलकाका

हेच पहिल्या संदेशात असते तर सकाळ वाचली असती. आता आणखी एक सांगा. हा संगणक पहिल्या दिवसापासून गोठतो, की अलीकडे गोठू लागला? आणि गोठतो तेव्हा त्याच्यावर कामाचा ताण किती असतो?

उद्यमनगर_जॉबवर्क

दीड वर्ष अगदी व्यवस्थित चालला. त्रास महिनाभरापासून आहे. ताण म्हणाल तर काहीच नाही. ९६०० बॉडला प्रोग्रॅमच्या ओळी सोडणे एवढेच काम. उलट पूर्वी ताण जास्त होता, कारण चार कॅमेऱ्यांचे चित्रीकरण आणि हालचाल ओळखण्याचे सॉफ्टवेअर याच संगणकावर चालत असे. मागच्या महिन्यात वेगळा डीव्हीआर घेतला आणि संगणकाचा भार मुद्दाम कमी केला, म्हणजे प्रोग्रॅम पाठवण्यात अडथळा येऊ नये.

कर्नलकाका

आपण स्वतःच उत्तर लिहिले आहे. कॅमेरे होते तोवर प्रोसेसरला गाढ झोपायला सवडच नव्हती. ते काढले आणि तो दिवसभर झोपू लागला. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला हजारभर अक्षरेसुद्धा नाहीत. सहा गाभ्यांच्या प्रोसेसरला त्याने जागही येत नाही. भार वाढल्यावर बंद पडणारे संगणक सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून भार कमी झाल्यावर बंद पडणारा कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रथम ‘सीपीयूपॉवर आयडल-इन्फो’ चालवा आणि जे दिसेल ते येथे द्या.

उद्यमनगर_जॉबवर्क

‘या कर्नलसाठी सीपीयूपॉवर सापडले नाही’ अशा अर्थाची सूचना आली.

कर्नलकाका

‘लिनक्स-टूल्स-जेनेरिक’ हे पॅकेज एपीटीने बसवा. ते चालू कर्नलच्याच आवृत्तीचे असावे लागते. तरीही तीच सूचना आली तर ‘लिनक्स-टूल्स’च्या पुढे ‘यूनेम -आर’ने दिसणारी आवृत्ती जोडून ते पॅकेज बसवा.

शिरोली_नेटवर्क

एवढे करण्यापेक्षा ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट = १’ टाकावे. इंटरनेटवर सर्वत्र हाच उपाय दिलेला आहे.

पंचगंगा_घाट

तो इंटेलच्या ड्रायव्हरचा पर्याय आहे. रायझेनवर तो ड्रायव्हर चालतच नाही, त्यामुळे ओळ लिहिली काय आणि न लिहिली काय, फरक शून्य. तसाच ‘प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट = ५’ हा दुसरा तोडगा फिरत असतो. ज्या संगणकावर दोनच सी-अवस्था उपलब्ध आहेत त्यावर पाचची मर्यादा घालून काय साधणार?

उद्यमनगर_जॉबवर्क

पॅकेज बसले. तीन अवस्था दिसत आहेत. पोल, तिचा विलंब ०. सी-१, विलंब १. सी-२, विलंब ४००. सी-२ची वापरसंख्या लाखांत आहे आणि पाहता पाहता वाढते आहे. आता नेमकी आज्ञा सांगा, तीन वाजता जॉब चढणार आहे. (पार्टीने उद्याचा आजवर आणला.)

कर्नलकाका

विलंबाचे आकडे मायक्रोसेकंदांत असतात. आपल्याला सी-२ नको आहे. पोल (म्हणजे न झोपता नुसती वाट पाहणे) शून्य क्रमांकावर असल्याने सी-२चा क्रमांक २ येतो. ‘सुडो सीपीयूपॉवर आयडल-सेट -डी २’ असे द्यावे. यातील डी लहान लिपीतला आहे. हे सर्व बारा थ्रेडना (सहा गाभे, प्रत्येकी दोन) एकदम लागू होते. त्यानंतर पुन्हा आयडल-इन्फो पाहावे. सी-२पुढे ‘डिसेबल्ड’ असे दिसले पाहिजे आणि वापरसंख्या जिथल्या तिथे थांबली पाहिजे. संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही.

उद्यमनगर_जॉबवर्क

गडबडीत मोठ्या लिपीतला डी टंकला गेला. ‘डिसेबल्ड’ दिसते आहे, संख्याही थांबली आहे. काही बिघडले का?

कर्नलकाका

बिघडले नाही, पण थोडक्यात निभावले. मोठा डी क्रमांक पाहत नाही, विलंब पाहतो. २ किंवा त्याहून जास्त विलंबाच्या सर्व अवस्था तो बंद करतो. आपल्याकडे तशी एकच होती, म्हणून परिणाम सारखा झाला. जॉब चढवायला हरकत नाही.

निळा_पडदा

गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ करायला सांगितले नाही, याचे आश्चर्य वाटते.

कर्नलकाका

कारण त्याचा येथे उपयोग नाही. गव्हर्नर प्रोसेसर जागा असताना त्याचा वेग किती असावा हे ठरवतो. परफॉर्मन्सवर ठेवलेला प्रोसेसरही काम संपताच सी-२मध्ये खुशाल जातो.

उद्यमनगर_जॉबवर्क (गुरुवार)

काल दिवसभर ठीक होते. आज सकाळी वीज गेली, यूपीएस उतरला, संगणक पुन्हा सुरू झाला आणि आयडल-इन्फोत सी-२ पुन्हा चालू दिसते आहे. म्हणजे रोज सकाळी ही आज्ञा द्यायची का? मी नसताना कारागिराने काय करायचे?

पंचगंगा_घाट

ती आज्ञा चालू कर्नलच्या स्मृतीत लिहिते, डिस्कवर नाही. कायमचे करण्यासाठी ‘ईटीसी’खालच्या ‘डिफॉल्ट/ग्रब’ फाइलमध्ये ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या अवतरणचिन्हांत ‘प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१’ जोडावे, ‘अपडेट-ग्रब’ चालवावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. नंतर ‘प्रॉक/सीएमडीलाइन’ वाचून शब्द तिथे पोहोचल्याची खात्री करावी. आयडल-इन्फोत मग सी-२ दिसणारच नाही.

कर्नलकाका

मी असहमत आहे. पडदा नसलेल्या संगणकावर ग्रबच्या फाइलमध्ये एक अवतरणचिन्ह चुकले आणि तो उठला नाही, तर हे गृहस्थ पुन्हा घरचे ग्राफिक कार्ड काढून आणणार. त्यापेक्षा सिस्टिमडीची (लिनक्स सुरू होताना सेवा चालवणाऱ्या यंत्रणेची) ‘वनशॉट’ प्रकारची, म्हणजे एकदाच चालून संपणारी, छोटी सेवा लिहावी; तिच्या ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये हीच आज्ञा पूर्ण मार्गासह द्यावी आणि सेवा ‘इनेबल’ करावी. ती फसली तरी संगणक सुरू होतो आणि एसएसएच लागते.

पंचगंगा_घाट

सीपीयूपॉवर कर्नलच्या आवृत्तीशी बांधलेले असते हे आपणच वर लिहिले आहे. उद्या कर्नल बदलले आणि त्याचे टूल्स आले नाहीत, तर आपली सेवा गुपचूप अपयशी होईल आणि कळेल ते पुढचा कोअर बॉक्स खराब झाल्यावर.

कर्नलकाका

हा मुद्दा मान्य. मग सेवेत सीपीयूपॉवर नकोच. ‘सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू’खाली प्रत्येक सीपीयूच्या ‘सीपीयूआयडल/स्टेट२/डिसेबल’ या फाइलमध्ये १ लिहिणारी शेलची एक ओळ पुरेशी आहे. सीपीयूपॉवरसुद्धा पडद्याआड तेच करते.

शिरोली_नेटवर्क

आणि विजेचे बिल? चोवीस तास झोप न घेणारा प्रोसेसर ठेवायचा?

पंचगंगा_घाट

दहा वॉट जास्त लागतात असे धरले तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास. व्हीएमसीचा स्पिंडल तेवढे एका दिवसात सहज खातो. सी-१ चालूच आहे, तेव्हा प्रोसेसर अगदीच जागरण करत नाही.

उद्यमनगर_जॉबवर्क (पुढच्या आठवड्यातील शनिवार)

उशिरा लिहितो याबद्दल क्षमस्व. कर्नलकाकांच्या सांगण्याप्रमाणे फाइलमध्ये १ लिहिणारी सेवा बसवली. नऊ दिवस झाले, एकदाही गोठला नाही. मध्ये दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा सी-२ आपोआप बंद झाले. कोअर बॉक्स नव्याने करून दिला, तो सहा तासांचा प्रोग्रॅम कुठेही न थांबता गेला.

पंचगंगा_घाट यांच्या एसएमपीएसच्या मुद्द्यामुळे पेटी उघडली. संगणक असेम्बल करताना जुन्या संगणकातला एसएमपीएस तसाच वापरला होता, हे मी विसरलो होतो. जाळीवर ओतीवाची काळी पूड आणि कूलंटचा चिकट थर इतका बसला होता की स्क्रूड्रायव्हरने खरवडावा लागला. परवा सुटीच्या दिवशी मित्राचा नवा एसएमपीएस लावून ‘आयडल-सेट’ला लहान ई आणि २ देऊन सी-२ पुन्हा चालू केले आहे. जॉब नसताना तीन-चार दिवस तसाच ठेवून पाहीन, आणि टिकला तर एसएमपीएस विकत घेईन. तोवर जॉब चढवण्याआधी सेवा पुन्हा चालवतो.

कर्नलकाका

तीन-चार दिवस कमी आहेत. पूर्वी तो दोन-तीन दिवसांतून एकदाच गोठत असे, तेव्हा किमान दोन आठवडे तरी पाहावे. आणि मधल्या काळात जॉबसाठी सी-२ बंद ठेवणार असाल तर ते तास त्यातून वजा करावेत.

जुना_मेंटेनन्सवाला

पेटी उघडली होती तर अर्थची वायरही पाहिली असेल, अशी आशा करतो. त्याविषयी कोणीच काही लिहिले नाही.

उद्यमनगर_जॉबवर्क

पाहिली, अण्णा. पेटीला अर्थची वायरच नव्हती. आज ओढून घेतली.