प्रति: ऑनलाइन बैठकीत मुलं गप्प का बसतात?

वर कुणीतरी सुचवलंय की कॅमेरा सक्तीचा करा, म्हणजे मुलं लक्ष देतील. मला नाही पटत. पुण्यात सदाशिव पेठेत एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात, मागे कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो. कॅमेरा बोलणाऱ्यापुरता पुरे.

खरी गोम वेळेची. झूमच्या फुकट खात्यावर बैठक 40 मिनिटांत तुटते. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले की 60 मिनिटांत. म्हणून विषय आदल्या रात्रीच ग्रुपवर टाका आणि प्रत्येक विषयापुढे कोण बोलणार त्याचं नाव लिहा. ‘कुणाला काही म्हणायचंय का?’ असं विचारलं की सगळे म्यूटवर. नाव घेऊन विचारलं की तीच मुलं भरभरून बोलतात, कधीकधी आवरावी लागतात! काम कुणाचं, कधीपर्यंत, हे बैठक चालू असतानाच ग्रुपवर लिहून टाका.

कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह करणार असाल तर चॅनेलवर ती सोय आधीच सुरू करा. पहिल्यांदा 24 तासांपर्यंत लागू शकतात. को-होस्ट, म्हणजे कार्यक्रम चालवणारा दुसरा जण, शहराच्या दुसऱ्या भागातला घ्या, म्हणजे एकाकडची वीज गेली तरी दुसरा सांभाळेल, आणि दिवसाचा कार्यक्रम शक्यतो गुरुवारी नको. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा त्याच दिवशी.